गुडघा, मान, मेंदू : अमेरिकन फुटबॉलची काळी बाजू दाखवणारे चित्रपट

न्यू जर्सीत एडिसनला माझी आतेबहीण राहते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिच्या बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, चिवड्याची परात आणि टीव्हीवर सुपर बोल असा बेत होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिचा बारा वर्षांचा मुलगा शेजारी बसून नियम सांगत होता. "मामा, बघ, आता आपटणार!" म्हणायचा आणि खरंच कुणीतरी आपटलं की टाळी मागायचा. शाळेच्या संघात जायची त्याची फार इच्छा होती, पण आईनं साफ नाही म्हटलं होतं. कारण विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "विल स्मिथचा तो पिक्चर बघ, मग बोलू."

पिक्चर पाहिला. मग त्याच्या आधीचे शोधून पाहिले. ओळीनं पाहिल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली, ती अशी की या चित्रपटांत दुखणं वर वर सरकत गेलं आहे. १९७९ साली ते गुडघ्यात होतं, १९९९ साली मानेत आलं आणि २०१५ साली मेंदूत पोचलं. मालक, डॉक्टर आणि करार ही तीन पात्रं मात्र जागची हललेली नाहीत.

खेळ कळण्यापुरता

फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ आठवतात. तो फुटबॉल वेगळा. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट आणि दोन्हीकडे निमुळता. तो बहुतेक वेळा हातात धरून पळायचा किंवा फेकायचा असतो. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. अडवायचं ते टॅकल करून. टॅकल म्हणजे कबड्डीतली पकडच, फक्त लांबून पळत येऊन, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून अंगावर आदळायचं. एक खेळी पाच-सात सेकंदांत संपते. मग सगळे उठतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात.

क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर झेलतो. पोस्टरवर हे दोघे. सेंटरचं नाव सहसा कुणी घेत नाही. तो वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाशी त्याची टक्कर होते. दर खेळीला होते. हा सेंटर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्यावसायिक खेळ चालवते ती नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. तिचे ३२ संघ आहेत आणि हंगामाचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. खेळाडूंच्या कराराचे आकडे वर्तमानपत्रात मोठे दिसतात, पण त्यातला बराच भाग हमीचा नसतो. संघानं काढून टाकलं की तेवढा भाग गेला. 'थोडं दुखतंय, आज बसतो' हे वाक्य या खेळात महाग का पडतं, ते इथे कळतं.

जाता जाता सांगतो, हा खेळ भारतात आणायचाही प्रयत्न झाला होता. एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचे सामने २०१२ साली कोलंबोत झाले आणि त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. पुण्यात किती जणांना तो आठवत असेल, देव जाणे.

लीगचा शिक्का

संघांची नावं, बोधचिन्हं, पोशाख या सगळ्यांवर लीगचा हक्क. निर्मात्याला खरा संघ पडद्यावर दाखवायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगी मागायची तर गोष्ट सांगावी लागते. त्यामुळे एखाद्या फुटबॉलपटात खऱ्या संघांची नावं आहेत की खोटी, एवढ्यावरूनही लीगला तो कितपत रुचला असेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाज नेहमीच बरोबर येतो असं नाही, पण बऱ्याचदा येतो.

सुरुवातीला लीग एवढी ताठर नव्हती. १९६९ सालच्या 'नंबर वन'मध्ये चार्लटन हेस्टननं न्यू ऑर्लिन्स सेंट्स या खऱ्या संघाचा उतरणीला लागलेला क्वार्टरबॅक रंगवला. चाळिशीला टेकलेला, गुडघे गेलेला, घरी बेबनाव, आणि शेवटी मैदानावर निपचित पडलेला. चित्रपट बेताचाच आहे, पण संघानं त्याला पोशाखासकट मदत केली होती.

सगळ्यात नवल 'ब्लॅक संडे'चं. १९७७ सालच्या या चित्रपटात दहशतवादी सुपर बोलच्या प्रेक्षकांवर हवाई फुग्यातून हल्ला करायचा कट रचतात. एवढ्या माणसांच्या कत्तलीची गोष्ट, तीही लीगच्या सगळ्यात मोठ्या दिवशी! तरीही लीगनं दारं उघडली. १८ जानेवारी १९७६ रोजी मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर पिट्सबर्ग स्टीलर्स आणि डलास काउबॉइज यांच्यात खरा सुपर बोल चालू असताना दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमरचे कॅमेरे तिथे फिरत होते.

दोनच वर्षांनी 'नॉर्थ डलास फोर्टी' आला तेव्हा हीच दारं बंद झाली. बॉम्ब घेऊन येणारा बाहेरचा शत्रू लीगला चालला, पण इंजेक्शनची सुई घेऊन उभा असलेला घरचा डॉक्टर चालला नाही.

१९७९ : उशीवरचं रक्त

'नॉर्थ डलास फोर्टी'चं पहिलं दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. सामन्यानंतरची सकाळ आहे. रिसीव्हर फिल एलियट, म्हणजे निक नोल्टी, गजरानं जागा होतो. उशीवर रक्त आहे, नाकातून आलेलं. तो उठायला जातो तर अंग उठत नाही. एकेक सांधा आधी विचारून बघतो आणि मग हलवतो. पलंगाशी ठेवलेल्या गोळ्या चाचपतो, लंगडत न्हाणीघरात जातो, टबात गरम पाणी सोडून त्यात हळूहळू उतरतो. मधे मधे कालच्या सामन्याचे तुकडे दिसतात. कुठल्या धडकेनं कुठला सांधा दुखतोय, त्याचा जणू हिशेबच. संवाद जवळजवळ नाहीत. आपल्याकडे पूर्वी गिरणीतून रात्रपाळी करून आलेला माणूस ज्या सावकाशीनं पायऱ्या चढायचा, ती सावकाशी नोल्टीच्या अंगात आहे.

चित्रपट पीटर जेंटच्या १९७३ सालच्या कादंबरीवर आहे. जेंट १९६४ ते १९६८ या काळात डलास काउबॉइजकडून खेळला होता, म्हणजे माहिती आतली. दिग्दर्शक टेड कॉचेफ. तीन वर्षांनी त्यानंच 'फर्स्ट ब्लड' केला, रॅम्बोचा पहिला. पडद्यावरच्या संघाचं नाव 'नॉर्थ डलास बुल्स', पण कोणता संघ डोळ्यांपुढे आहे हे अमेरिकेत शेंबड्या पोरालाही कळलं असणार. प्रशिक्षक बी. ए. स्ट्रॉथर थंड डोक्याचा, धार्मिक आणि संगणकाचा भक्त. कोण किती वेळा चुकला याचे गुण तो काढतो आणि खेळाडूला त्याच्यासमोरच वाचून दाखवतो. शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवतं. फरक इतकाच की इथे नापास झालं की नोकरी जाते.

चित्रपटाचा गाभा मात्र सुईत आहे. डेल्मा हडल नावाचा एक खेळाडू इंजेक्शन घ्यायला तयार नसतो. दुखणारा भाग बधिर केला की दुखणं कळत नाही, आणि दुखणं कळलं नाही की माणूस थांबत नाही, एवढं साधं त्याचं म्हणणं. मांडीमागचा स्नायू दुखावल्यावर सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळते. बळजबरी कुणीच करत नाही. डॉक्टर समजावतात, सोबती गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यातच सगळं येतं. तो सुई घेतो, मैदानात उतरतो आणि जायबंदी होतो. एलियट हे सगळं उभा राहून बघत असतो. त्याचा स्वतःचा गुडघा कधीचाच सुईवर चालला आहे.

ओ. डब्ल्यू. शॅडॉक नावाच्या धिप्पाड खेळाडूचा प्रसंग अमेरिकी चाहत्यांना तोंडपाठ आहे. हरल्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत तो सहप्रशिक्षकावर उसळतो. आम्ही याला खेळ म्हटलं की तुम्ही धंदा म्हणता, आम्ही धंदा म्हटलं की तुम्ही खेळ म्हणता, असा त्याचा मुद्दा. ही भूमिका केली जॉन मॅटुझॅक या खऱ्या खेळाडूनं. चित्रपट आला तेव्हा तो ओकलंड रेडर्सकडून खेळत होता. त्याचे शब्द पाठ केलेले वाटत नाहीत. दहा वर्षांनी, १९८९ साली, वयाच्या ३८व्या वर्षी तो गेला. हृदय बंद पडलं, आणि तपासणीत कारण निघालं वेदनाशामक औषधाचा अतिरेक.

शेवटी संघाची माणसं एलियटला बोलावून त्याच्यासमोर फाईल ठेवतात. त्याच्या मागावर गुप्तहेर लावलेला असतो. गांजा ओढल्याचं निमित्त पुढे करून त्याला बिनपगारी बाहेर काढायचं ठरलेलं असतं. वेदनाशामकांचा खुराक देणारी हीच मंडळी गांजावर नीतीचं प्रवचन देतात! एलियट उठून निघतो. बाहेर रस्त्यावर त्याचा क्वार्टरबॅक मित्र चेंडू फेकतो, आणि आयुष्यभर चेंडू झेललेला हा माणूस हात वर करतो. चेंडू छातीवर आपटून खाली पडतो. माझ्या मते या सगळ्या चित्रपटांतला सर्वोत्तम हाच.

१९९९ : सही कुणाची, मान कुणाची

ऑलिव्हर स्टोनचा 'एनी गिव्हन संडे' अडीच तासांचा गोंगाट आहे. कॅमेरा एका जागी ठरत नाही, पावसात चिखल उडतो, संगीत कानाशी ढोल बडवतं. एका प्रसंगात मैदानावर चक्क कुणाचा तरी निखळलेला डोळा पडलेला दिसतो. स्टोनला कमी बोलून भागत नाही. तरीही चित्रपट टाळू नये, कारण संघाच्या डॉक्टरची कुतरओढ इतक्या उघडपणे आधी कुणी दाखवली नव्हती.

लीगनं इथेही मदत नाकारली, म्हणून स्टोननं आख्खी लीगच नवी काढली : असोसिएटेड फुटबॉल फ्रँचायझीज ऑफ अमेरिका. तिच्यात मायामी शार्क्स हा संघ. अल पचिनो थकलेला प्रशिक्षक, कॅमेरॉन डायझ वडिलांकडून संघ वारशात मिळालेली तरुण मालकीण, जेमी फॉक्स अचानक संधी मिळालेला तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. लीगच्या आयुक्ताच्या छोट्या भूमिकेत कोण असावं? 'नंबर वन'मध्ये मैदानावर पडलेला तोच चार्लटन हेस्टन, तीस वर्षांनी खुर्चीत बसलेला.

शार्क लावे या बचावपटूच्या मानेत गंभीर दुखापत आहे. पुढची एखादी धडक त्याला कायमचं लुळं करू शकते. जेम्स वुड्सनं केलेला संघाचा मुख्य डॉक्टर तपासणीचे निष्कर्ष दाबून ठेवतो. हे हाताखालच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात येतं. पकडला गेल्यावर मुख्य डॉक्टरचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. यांना खेळायचंच असतं, मी अडवलं तर मला शिव्या देतील, अशा थाटात तो बोलतो. चीड यावी ती अशासाठी की ते सगळं खोटं नाही. लावेच्या करारात ठरावीक कामगिरी झाली तर दहा लाख डॉलरचा बोनस आहे आणि तो आवाक्यात आला आहे. धोका समजावून सांगितल्यावरही तो खेळायचंच म्हणतो. मान त्याची, सहीही त्याची. मग गुन्हेगार कोण? उत्तर द्यायची घाई स्टोन करत नाही. हा त्या गोंगाटातला एकमेव संयम.

पटकथेसाठी एका खऱ्या डॉक्टरच्या पुस्तकाचा आधार घेतला होता. रॉबर्ट ह्यूझेंगा हे रेडर्स संघाचे डॉक्टर होते आणि १९९४ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. शार्क लावेची भूमिका केली ती लॉरेन्स टेलर या खऱ्या बचावपटूनं. नोव्हेंबर १९८५ मध्ये त्याच्या एका टॅकलखाली जो थाइसमन या क्वार्टरबॅकचा पाय मोडला आणि कारकीर्द तिथेच संपली. ते दृश्य देशभर टीव्हीवर थेट दिसलं होतं. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाच्या एका छोट्या भूमिकेत डिक बटकस दिसतो. शिकागो बेअर्सच्या या दिग्गजानं १९७४ साली आपल्याच संघावर खटला भरला होता, की गुडघ्यावर शस्त्रक्रिया करायला हवी असताना मला खेळवत ठेवलं. प्रकरण सहा लाख डॉलरला मिटलं. स्टोननं त्याला मुद्दाम घेतलं की नाही, कोण जाणे. पण तो पडद्यावर आला की माझी नजर आपोआप त्याच्या गुडघ्याकडे जाते.

या चित्रपटाचं दुर्दैव असं की लोकांच्या लक्षात राहिलं ते पचिनोचं भाषण. इंचाइंचासाठी लढा, अशा आशयाचं ते भाषण प्रेरणादायी व्हिडिओ म्हणून जगभर फिरतं. त्या इंचांसाठीच मान पणाला लावणारा माणूस तिथे ऐकायला बसला आहे, हे फिरवणाऱ्यांच्या गावीही नसतं.

बंद पडलेली मालिका

२००३ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं 'प्लेमेकर्स' ही मालिका आणली. काल्पनिक संघ, पण व्यसनं, घरातली मारहाण, लपवलेल्या दुखापती सगळं त्यात. प्रेक्षक चांगले मिळाले आणि अकरा भागांनंतर ती बंद झाली. लीगचे आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांनी वाहिनीच्या मालक कंपनीकडे, म्हणजे डिस्नीकडे, नाराजी कळवली होती. वाहिनीकडे लीगच्या सामन्यांचे हक्क होते. घरमालकाला दुखवून भाडेकरू किती दिवस राहणार?

करवंटीतला गोटा

नारळ वाळला की आतलं खोबरं करवंटीपासून सुटतं आणि गोटा खुळखुळायला लागतो. बाहेरून करवंटी कितीही टणक असो, नारळ हलवला की आतला गोटा आपटतोच. हेल्मेटचं असंच आहे. कवटी फुटू नये म्हणून ते उत्तम. पण मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. पळणारं डोकं एकदम थांबलं की मेंदू थांबत नाही, तो आतून हादरतो, पिळवटतो. माणूस बेशुद्ध पडला तर निदान कुणाच्या तरी लक्षात येतं. छोटे छोटे हादरे कुणी मोजत नाही, आणि सेंटरला तर ते दर खेळीला बसतात.

वर्षानुवर्षं असे हादरे बसलेल्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन विकृत होऊन साचत जातं. विसराळूपणा, संताप, नैराश्य, भ्रम अशी लक्षणं खेळ सोडल्यावर अनेक वर्षांनीही सुरू होतात. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदूचे काप तपासूनच होतं. मुष्टियोद्ध्यांमधली अशी अवस्था हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरनं १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. फुटबॉलकडे त्या नजरेनं बघायला पाऊणशे वर्षं गेली.

पिट्सबर्गचा शवचिकित्सक

माइक वेबस्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. सतरा हंगाम खेळला, त्यातले पंधरा स्टीलर्सकडून. चार सुपर बोल जिंकले. १९९७ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. त्या सुमारास तो बऱ्याचदा आपल्या पिकअप ट्रकमध्ये राहत होता. निखळलेले दात सुपरग्लूनं चिकटवायचा आणि झोप यावी म्हणून स्वतःला विजेच्या बंदुकीचे झटके द्यायचा. सप्टेंबर २००२ मध्ये तो वारला, वय अवघं ५०.

शवविच्छेदन आलं बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या तरुण डॉक्टरकडे. त्यांना फुटबॉलचं प्रेम नव्हतं आणि वेबस्टर कोण हेही धड माहीत नव्हतं. ही गोष्ट पुढे घडली ती काही अंशी याचमुळे, असं मला वाटतं. शहरातल्या एखाद्या भक्तानं हृदयविकार लिहून फाईल मिटवली असती. मेंदू वरून अगदी ठाकठीक दिसत होता. तरी ओमालूंनी तो राखून ठेवला, पदरचे पैसे घालून काप करून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली टाऊचे तपकिरी डाग दिसले. २००५ साली त्यांचा शोधनिबंध 'न्यूरोसर्जरी' नियतकालिकात आला. लीगच्या मेंदू-दुखापत समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी लेखी मागणी केली. या समितीचे अध्यक्ष एलियट पेलमन हे संधिवाताचे डॉक्टर होते. हा विनोद कुणा पटकथाकारानं लिहिलेला नाही.

'कन्कशन' २५ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन नाताळात आला. दिग्दर्शक पीटर लँडेसमन, ओमालूंच्या भूमिकेत विल स्मिथ. आधार होता २००९ साली 'जीक्यू' मासिकात आलेल्या जीन मरी लास्कस यांच्या लेखाचा. डेव्हिड मोर्सनं केलेला वेबस्टर पडद्यावर फार थोडा वेळ आहे, पण तो गेल्यावरही चित्रपटभर जाणवत राहतो. ट्रकमध्ये बसलेलं ते भलं मोठं, घाबरलेलं शरीर विल स्मिथच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगतं.

सिनेमानं घेतलेली सूट

खऱ्या माणसांचा चित्रपट म्हटला की थोडं सावध राहावं लागतं. ओमालूंचे वरिष्ठ सिरिल वेक्ट यांच्यावर केंद्र सरकारनं खटला भरला, तो लीगच्या इशाऱ्यावर, असं 'कन्कशन' पाहताना वाटत राहतं. प्रत्यक्षात आरोप सरकारी कार्यालयाचा खासगी कामासाठी वापर केल्याचे होते. त्यांचा वेबस्टरशी संबंध नव्हता आणि पुढे खटला बारगळला. डेव्ह डुअरसन या माजी खेळाडूला चित्रपटात ओमालूंशी उर्मटपणे वागताना दाखवलं आहे, त्यावर त्याच्या कुटुंबानं जाहीर हरकत घेतली. डुअरसन माजी खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर होता. २०११ साली त्यानं आत्महत्या केली, ती आपला मेंदू अभ्यासासाठी द्यावा असा निरोप मागे ठेवून. त्याच्या मेंदूत सीटीई निघाला. एवढी शोकांतिका हाताशी असताना त्याचा खलनायक करून टाकणं मला पटलं नाही.

उलट बाजूचीही तक्रार आहे. 'कन्कशन' काढणाऱ्या सोनी कंपनीचे चोरीला गेलेले ई-मेल उघड झाल्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'नं लिहिलं की लीग फार दुखावू नये म्हणून काही जागा मवाळ केल्या गेल्या. दिग्दर्शकानं ते नाकारलं. गंमत म्हणजे सोनीकडे लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क नव्हते; तरीही धाक होताच.

माझी तक्रार वेगळी आहे. लीगच्याच निवृत्तिवेतन मंडळानं १९९९ साली मान्य केलं होतं की वेबस्टर फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींमुळे कायमचा अकार्यक्षम झाला. म्हणजे एक हात अपंगत्वाचे पैसे देत होता आणि दुसरा हात 'पुरावा कुठे आहे?' म्हणून विचारत होता. या दोन हातांची गाठ हाच खरा चित्रपट होता. तो सापडतो माहितीपटात.

कागदपत्रांचा चित्रपट

'लीग ऑफ डिनायल' हा पीबीएस वाहिनीच्या 'फ्रंटलाइन' मालिकेतला २०१३ सालचा माहितीपट. मार्क फायनारू-वाडा आणि स्टीव्ह फायनारू या पत्रकार भावांच्या शोधातून तो उभा राहिला. दोघेही ईएसपीएनचे, आणि वाहिनीही निर्मितीत भागीदार होती. ऑगस्टमध्ये तिनं एकाएकी आपलं नाव काढून घेतलं. 'प्लेमेकर्स' बंद करणारी ती हीच वाहिनी, दहा वर्षांनी. त्याच महिन्यात ४,५०० हून जास्त माजी खेळाडूंच्या दाव्यात लीगनं ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. पुढे न्यायालयाच्या आग्रहावरून भरपाईची वरची मर्यादा निघाली.

मार्च २०१६ मध्ये, 'कन्कशन' येऊन तीन महिने होत नाहीत तोच, लीगचे वरिष्ठ उपाध्यक्ष जेफ मिलर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे हे मान्य केलं. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार दिसला. हा आकडा वाचताना एक भान हवं. मेंदू दान केले होते ते मुख्यतः आधीच शंका आलेल्या कुटुंबांनी, म्हणून सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. तरीही ११० म्हणजे ११०.

भरपाई ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी धरून हिशेब होत असे, त्यामुळे त्यांचा ऱ्हास कमी दिसून दावा फेटाळला जाई. बोभाटा झाल्यावर २०२१ साली ही पद्धत सोडायचं लीगनं कबूल केलं. यावर मोठा कथापट अजून माझ्या पाहण्यात नाही.

कडेकडेचे

'द लास्ट बॉय स्काउट' हा १९९१ सालचा मारधाडपट. त्याची पहिली पाच मिनिटं मात्र वेगळी : मुसळधार पावसात, नशेत, जुगाऱ्यांच्या दबावाखाली असलेला एक खेळाडू चेंडू घेऊन पळता पळता अडवणाऱ्यांवर पिस्तूल चालवतो. पुढचा चित्रपट विसरला तरी चालेल. 'बिग फॅन' (२००९) छोटा आणि अस्वस्थ करणारा आहे. पार्किंगमध्ये नोकरी करणाऱ्या एका चाहत्याला त्याचाच लाडका खेळाडू बेदम मारतो, आणि चाहत्याला काळजी पडते ती तक्रार केली तर संघाचं काय होईल याची. 'अ वुमन्स वर्क' हा माहितीपट मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या चिअरलीडर मुलींच्या मजुरीच्या लढ्याचा. अब्जावधींच्या धंद्यात त्यांच्या सरावाचे तास हिशेबातच नव्हते. नेटफ्लिक्सवरची ॲरन हर्नांडेझची मालिका (२०२०) खुनाच्या शिक्षेवर तुरुंगात असताना २७व्या वर्षी आत्महत्या केलेल्या खेळाडूची. त्याच्या मेंदूतही गंभीर सीटीई होता, पण सगळा दोष मेंदूवर टाकून मोकळं व्हायची सोय मालिका आपल्याला देत नाही.

काय आधी पाहावं

वेळ एकाच चित्रपटापुरता असेल तर 'नॉर्थ डलास फोर्टी' पाहा. दोन असतील तर जोडीला 'लीग ऑफ डिनायल'. 'कन्कशन' घरच्यांना दाखवायला सोपा. माझ्या भाच्यानं तो पाहिला आणि आता तो टेनिस खेळतो, कुरकुरत.

आणि कधी 'ब्लॅक संडे' हाती लागला, तर सामन्याची खरी दृश्यं लक्ष देऊन बघा. हवाई फुगा दिसेलच. पण त्या दिवशीच्या स्टीलर्स संघात माइक वेबस्टरही होता, वय २३. त्याचा क्रमांक ५२.